बोईसरचा भाचा आणि छातीवरचा बिल्ला

भीमा कोरेगावच्या मानवंदनेहून परत येऊन अंगाचा शीण गेला नव्हता, तोच बोईसरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला तारापूरला काम लागलंय. अणूच्या कारखान्यात. कंत्राटाचं आहे, पण पगार बरा आहे. तू एकदा येऊन जा."

तिच्या आवाजात आनंद होता आणि भीतीही होती. भाचा आयटीआयचा फिटर. दोन वर्षे एमआयडीसीत कधी इथे, कधी तिथे बदलीवर राबला. आता गेटपास हातात आला, तर शेजारणीने बहिणीच्या कानात सांगितले की, तिथे काम करणाऱ्याला पुढे मुलेबाळे होत नाहीत. एकुलता एक पोरगा. बहीण तीन रात्री झोपली नव्हती. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण घरात वाचणारा माणूस म्हणून माझ्याकडे पाहतात, तेव्हा चार दिवस मिळेल ते वाचून काढले, वहीत टिपून घेतले आणि रविवारी सकाळी निघालो.

मानखुर्दहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर आणि तिथून डहाणूची लोकल. २०१३ पासून ही लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे बोईसर आता मुंबईकरांना परगाव राहिलेले नाही. गाडी नालासोपाऱ्यावरून जाते तेव्हा माझे हात आपोआप जुळतात. जुने शूर्पारक बंदर ते हेच. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली इथल्या बुरूड राजाच्या कोटात खोदकाम केले आणि आतून स्तूप निघाला. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. त्या लेखाचा विषय आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी दौरे काढत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीची, म्हणजे बोधगयेची वाट धरली आणि तेव्हापासून त्याचे दौरे धम्माचे झाले. गावोगावच्या लोकांना भेटायचे, त्यांची विचारपूस करायची. साहेबांचे दौरे आपणही पाहतो. त्यात शिकारीचे किती आणि विचारपुशीचे किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

विरार सुटले की गर्दी विरळ होते. वैतरणेची खाडी, मग सफाळे, केळवे रोड, पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन आदिवासी बाया चढतात आणि डबाभर ओल्या मातीचा वास पसरतो. बोईसरला उतरलो तर भाचा फलाटावर उभा. "जयभीम मामा" म्हणत त्याने पिशवी हातातून घेतली.

बोईसरमध्ये पाऊल टाकताच नाकाला कळते की ही रसायनांची वसाहत आहे. इथल्या एमआयडीसीचे नावही तारापूरच. बाहेरगावचा माणूस त्यामुळे अणुकेंद्र आणि ही वसाहत एकच समजतो. जानेवारी २०२० मध्ये या वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. अणुकेंद्राच्या नावाने आपण घाबरतो आणि रस्त्यापलीकडच्या रिॲक्टरला घाबरत नाही, कारण तो रोजचा आहे. दाजी वीस वर्षे असल्याच कारखान्यात आहेत. ते म्हणाले, "इथं मला कुणी बिल्ला दिला नाही. ह्याला निदान बिल्ला तरी आहे."

त्या बिल्ल्यावरच मग जेवणानंतर बराच वेळ बोलणे झाले. बहिणीने सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी केली होती. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. पोराने कागद घेतला आणि मला चित्र काढून दाखवले.

बिल्ला घरी आणायचा नसतो. आत जाताना फलकावरून आपल्या नावाचा घ्यायचा, छातीवर लावायचा आणि बाहेर पडताना परत तिथेच ठेवायचा. त्याच्या आत पातळ अशा तीन चकत्या असतात. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम नावाचे द्रव्य अगदी थोडे घालून आणि टेफ्लॉन मिसळून त्या बनवतात. किरणोत्सर्ग अंगावर पडला की त्याची शक्ती या चकत्यांत साठून राहते. ठरलेली मुदत संपली की चकत्या प्रयोगशाळेत जातात. यंत्रात तापवल्या की त्या मंद उजेड देतात. जितका उजेड तितकी मात्रा. आपल्या देशात १९७५ सालापासून हा बिल्ला आला, त्याआधी फोटोची फिल्म वापरत. यांत्रिकांना याशिवाय पेनासारखे एक मापकही देतात, म्हणजे आज किती लागले ते आजच दिसावे. बाहेर येताना हातपाय यंत्रावर ठेवायचे. लघवीचीही तपासणी होते, कारण श्वासातून किंवा पाण्यातून पोटात गेलेले बिल्ल्याला कळत नाही.

ही लघवीची तपासणी किती मोलाची, हे कर्नाटकातल्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये दिसले. तिथे कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले. पन्नासवर कामगारांच्या पोटात ते गेले. चवीत फरक नाही, वासात नाही. नेहमीची तपासणी झाली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मोजण्याचे माप मिलिसिव्हर्ट. काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचे नाही, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. केंद्राबाहेर राहणाऱ्या सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून, म्हणजे जमिनीतून, आकाशातून, हवेतून, जगातल्या माणसाला सरासरी दोन-अडीच मिलिसिव्हर्ट वर्षाला लागतच असतात. हे मी बहिणीला दोनदा समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग ह्याला किती लागलं?"

पोरगा गप्प. "माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

चूक त्याची एकट्याची नाही. आपल्या माणसाला कामावर विचारायची सवयच लागलेली नाही. हजेरी भरली, पगार मिळाला, संपले. पण २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांत लिहिले आहे की, मालकाने प्रत्येक कामगाराला त्याच्या मात्रेची आणि आरोग्य तपासणीची नोंद दरवर्षी द्यावी, त्याने मागितली तर द्यावी आणि काम सोडतानाही द्यावी. देशभरच्या नोंदी एका राष्ट्रीय नोंदवहीत ठेवल्या जातात. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, तो जन्मभराचा. कंत्राटदार बदलला, केंद्र बदलले, तरी अंगाला लागलेले पुसले जात नाही, म्हणून नोंदही पुसली जाता कामा नये. कायम नोकरीवाल्याला युनियन असते. चार महिने इथे, सहा महिने तिथे राबणाऱ्याला हा कागदच काय तो सोबती. १९७० च्या दशकात तारापूरच्या जास्त किरणोत्सर्गाच्या भागात दुरुस्तीसाठी रोजंदारीची माणसे आणली जात, असे त्या काळी छापून आले होते. ती माणसे पुढे कुठे गेली, त्यांची विचारपूस कुणी केली?

दुसऱ्या दिवशी पोराची सुट्टी होती. दोघे सीटच्या रिक्षाने पास्थळवरून समुद्राकडे निघालो. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, ती माझ्याकडे नव्हती. म्हणून घिवलीच्या किनाऱ्यावर गेलो. मासेमारांचे गाव. काठ्यांवर बोंबील सुकत घातलेले, आणि त्यांच्या पलीकडे थेट अणुकेंद्र. उंच चिमणी, मोठमोठ्या इमारती. धूर नाही, आवाज नाही. कोळशाच्या वीजघराशी तुलना केली तर हे सगळे झोपल्यासारखे वाटते.

पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांची वीज सुरू झाली. आशियातले हे पहिल्यांपैकी एक अणुवीज केंद्र. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या, पण पुढे त्या १६० मेगावॉटवरच चालवाव्या लागल्या. २०२० साली दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या गेल्या. त्यांच्या शेजारी प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, आपल्याच इंजिनियरांनी उभारलेल्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. या दोन नव्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनासाठी, नोकऱ्यांसाठी गावकऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

गाव उठणे काय असते ते आम्हा मानखुर्दवाल्यांना सांगायला नको. भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, बुलडोझर लावून उठवली आणि हजारो माणसे खाडीकाठी चिता कॅम्पात नेऊन टाकली. माझे बालपणीचे दोन मित्र त्यात गेले.

वाळूवर वही काढून मी काही लिहू लागलो, तर बोंबील उलटवणारी एक मावशी जवळ आली. "तुम्ही तपासायला आलात का?" मी म्हणालो, नाही मावशी, मी साधा माणूस, भाच्याकडे आलोय. "मग लिहून काय करणार?" म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. मला हसू आले, पण प्रश्न डोक्यात राहिला. तपासायला कोण येते?

केंद्राभोवती १.६ किलोमीटरच्या आत वस्ती नसावी, ५ किलोमीटरपर्यंत वस्ती बेसुमार वाढू देऊ नये आणि १६ किलोमीटरपर्यंत आपत्तीची तयारी असावी, अशा तीन रेघा नकाशावर ओढलेल्या असतात. बोईसरही त्या सोळात येते. केंद्राच्या कुंपणाबाहेर काही झाले तर हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा चालतो. घरात थांबा, दारे-खिडक्या लावा, आयोडीनच्या गोळ्या घ्या किंवा गाव सोडा, हे तेच सांगणार. त्याची तालीम ठरावीक काळाने होते. शिवाय मासे, दूध, भाजी, पाणी यांचे नमुने तपासणारी पर्यावरण प्रयोगशाळा अशा केंद्राजवळ असते. ती भाभा अणुसंशोधन केंद्राची, म्हणजे त्याच खात्याची.

आणि खरा तपासनीस म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी सरकारी आदेशाने ते नेमले. कार्यालय कुठे, तर अणुशक्तीनगरला, नियामक भवनात. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटे! आयुष्यभर त्या वाटेने गेलो आणि आत कोण बसतात ते बोईसरच्या वाटेवर वाचताना कळले. भट्टी चालवायचा परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा देतात. मंडळाचे लोक चालू केंद्रावर वर्षातून साधारण दोनदा तपासणीला जातात. दर दहा वर्षांनी सगळ्या भट्टीची मुळापासून झडती होते. पाईपांना चिरा किती, केबली जुन्या किती, वीज गेली तर पंप कशावर चालणार, असे सगळे.

वीज जाण्याला या धंद्यात फार महत्त्व आहे. भट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच थांबत नाही, तिला पाणी द्यावेच लागते. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाईनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्राला वीजच नव्हती. कामगारांनी काळोखात, धुरात वर चढून हाताने झडपा उघडल्या आणि भट्टी सांभाळली. मोठा अपघात टळला. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाला सुनामीने वीज गेली तेव्हा तो टळला नाही, आणि तिथल्या भट्ट्या तारापूरच्या पहिल्या दोघींच्या घराण्यातल्या, उकळत्या पाण्याच्याच. त्यानंतर आपल्या केंद्रांची पुन्हा तपासणी झाली. बाहेरून पाणी घालता यावे म्हणून जोड बसवले गेले.

नियम आहेत, माणसे हुशार आहेत. अडचण वेगळी होती. मंडळाला जाब विचारणारा अणुऊर्जा आयोग, त्या आयोगाचा अध्यक्ष तोच अणुऊर्जा खात्याचा सचिव, आणि वीज केंद्रे चालवणारे महामंडळही त्याच खात्याचे. परीक्षा देणारा आणि परीक्षकाचा साहेब एकाच घरचे. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेल्या डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या वेळी, १९९५ मध्ये, देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेबाबत १३४ मुद्द्यांची यादी तयार झाली. पदावरून उतरल्यावर ते याविषयी उघड बोलले. त्यानंतर २००० साली भाभा केंद्रातल्या भट्ट्या आणि प्रकल्प मंडळाच्या कक्षेतून काढून घेतले गेले. त्यांची तपासणी आतल्याच समितीकडे गेली. ही तर आमच्या मानखुर्द-ट्रॉम्बेच्या उंबरठ्यावरची गोष्ट, पण तेव्हा वस्तीत कुणाला कळलेही नाही.

२०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी मंडळाचा हिशेब घेतला. नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त दंड किती, तर ५०० रुपये! लोकलमध्ये विनातिकीट सापडलेल्याला याच्या निम्मा दंड भरावा लागतो. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. तेव्हा देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० ची मंडळाकडे नोंद होती. म्हणजे अणुभट्टीपासून शंभर कोस दूर राहूनही आपण किरणोत्सर्गाच्या दारात असतोच. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाचे वापरात नसलेले कोबाल्टचे यंत्र लिलावातून आले, भंगारवाल्यांनी ते फोडले आणि त्यात एक कामगार मेला, बाकीचे होरपळले. भंगार उचलणारे कोण असतात? मानखुर्द-गोवंडीत ज्याच्या घरी तराजू आहे, त्याने ही गोष्ट मुलांना सांगून ठेवावी. जड शिशाचा डबा आणि त्यावर पिवळ्या रंगात तीन पाकळ्यांची खूण दिसली, तर हात लावायचा नाही.

तपासणी करणाऱ्याला कायद्याने स्वतंत्र करावे म्हणून २०११ मध्ये विधेयक आले होते, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विरून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा मंजूर केला. त्यात नियामक मंडळाला कायद्याचे स्थान देण्याची तरतूद आहे आणि अणुवीजेचे दार खासगी कंपन्यांनाही उघडले आहे. पहिली गोष्ट चांगली. दुसरीने कंत्राटी कामगार वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

किनाऱ्यावर बसून भाच्याला मी बाबासाहेबांची एक गोष्ट सांगितली. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार, हे त्याला पाठ होते. पण ते १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याकडेच होते, हे त्याला ठाऊक नव्हते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले. साहेबाच्या बंगल्यात बसून अहवाल वाचून परत आले नाहीत. कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले, कोळसा तोडणारा माणूस कसा उभा राहतो ते पाहिले, वर येऊन मजुरांच्या खोल्या पाहिल्या. पोरगा म्हणाला, "मामा, आमच्याकडे तपासणीला आलेले साहेब मी लांबून बघितले. पण मी कंत्राटाचा, मी काय बोलणार?"

"तू काही बोलू नको. फक्त एक अर्ज लिही."

संध्याकाळी घरी बसून अर्ज लिहिला. बहिणीने रेघांच्या वहीचे पान फाडून दिले. भाषा साधी: माझा क्रमांक अमुक, मी अमुक तारखेपासून कामावर आहे, माझ्या मात्रेची आजवरची नोंद मला लेखी मिळावी. दाजींना काळजी वाटली की मुकादम गेटपास काढून घेईल. त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून अर्जात तक्रारीचा एक शब्दही ठेवला नाही. एक प्रत सुरक्षा विभागाला, एक आपल्याजवळ, पोच घ्यायची. बहिणीने अर्ज त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवला आणि बुद्धवंदना घेऊन मग आम्ही झोपलो.

बारा दिवसांनी भाच्याचा फोन आला. कागद मिळाला होता. मुकादम काही बोलला नाही, उलट त्याच्या गँगमधल्या आणखी चौघांनी अर्जाचा नमुना मागून घेतला. तीन महिन्यांचा आकडा त्याने वाचून दाखवला: शून्य पूर्णांक सहा मिलिसिव्हर्ट. पाठीमागून बहीण विचारत होती, "कमी की जास्त? दादाला विचार, कमी की जास्त?" मी म्हणालो, कमी आहे, निश्चिंत राहा. मग तिने फोन घेतला आणि म्हणाली, "तो कागद मी बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलाय. पुढचा कधी मागायचा?"